क्रेगलॉकहार्टचे अकरा आठवडे

पुण्यात ससून म्हटलं की हॉस्पिटल आठवतं, मुंबईत कुलाब्याची गोदी किंवा काळा घोड्याजवळचं वाचनालय. बगदाद सोडून मुंबईत स्थिरावलेल्या डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्यानं आणि त्याच्या मुलांनी कापूस आणि अफूच्या व्यापारात अमाप पैसा मिळवला आणि त्यातला काही या दोन शहरांत दानधर्मात घातला. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारला. लष्कर भागातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. त्याचा एक पणतू इंग्लंडात, केंट परगण्यात वाढला. घोडे, क्रिकेट आणि कविता एवढ्यावर त्याची तिशीपर्यंतची वर्षं गेली. सीगफ्रीड ससून त्याचं नाव. वडील आल्फ्रेड यांनी ज्यू समाजाबाहेर लग्न केलं म्हणून घराण्यानं त्यांना दूर लोटलं होतं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या त्या वैभवातून या मुलाच्या वाट्याला आलं ते आडनाव, आणि नोकरी न करता जगता येईल इतपत उत्पन्न.

पहिल्या महायुद्धाबद्दल इंग्रजीत जे सगळ्यांत जळजळीत लिहिलं गेलं त्यात या ससूनच्या कविता येतात. १९१७ च्या उन्हाळ्यात एडिनबरोजवळच्या एका लष्करी इस्पितळात त्याची एका तरुण अधिकाऱ्याशी गाठ पडली. त्यानंतर अकरा आठवडे दोघं एका छपराखाली राहिले. पुढच्या वर्षी तो तरुण मारला गेला आणि ससून त्यानंतर जवळजवळ एकोणपन्नास वर्षं जगला. त्या तरुणाचं नाव विल्फ्रेड ओवेन. आज इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना महायुद्ध ठाऊक असतं ते बरंचसं ओवेनच्या कवितांमधून. त्या कविता टिकल्या, छापल्या गेल्या, वाचल्या गेल्या, यामागे एका सैनिकानं दुसऱ्या सैनिकाची धरलेली आठवण आहे. ती धरून ठेवणं ससूनला किती जड गेलं, हे त्याच्या लिहिण्याइतकंच त्याच्या न लिहिण्यावरूनही कळतं.

ससून युद्ध जाहीर होण्याआधीच सैन्यात भरती झाला होता. १९१५ मध्ये तो रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समध्ये अधिकारी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाकटा भाऊ हेमो गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावला. पुढच्या मार्चमध्ये पलटणीतला जिवलग मित्र डेव्हिड थॉमस गोळी लागून मेला. या दोन मृत्यूंनंतर ससून बेभान झाला. रात्री-अपरात्री हातबाँब घेऊन तो दोन फळ्यांमधल्या जमिनीत एकटा सरपटत जाऊ लागला, तेव्हा शिपायांनी त्याचं नाव ‘मॅड जॅक’ ठेवलं. १९१६ च्या मे महिन्यात जर्मन खंदकावरचा एक छापा फसला. त्या रात्री तो दीड तास गोळीबारात राहून जखमींना उचलून आणत होता. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

एप्रिल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत खांद्यात गोळी घुसली आणि तो इंग्लंडात परतला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचा निश्चय झाला की हे युद्ध आता स्वसंरक्षणाचं उरलेलं नाही. ज्यांच्या हातात ते थांबवणं आहे तेच ते लांबवत आहेत. त्यानं तसं लेखी निवेदन केलं आणि आपल्या वरिष्ठांना पाठवून दिलं. बर्ट्रंड रसेलनं त्याला यात मदत केली. ३० जुलै १९१७ रोजी ते निवेदन ब्रिटिश पार्लमेंटात वाचलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’मध्ये छापून आलं. पदकाची फीत त्यानं मर्सी नदीच्या मुखाशी पाण्यात फेकून दिली.

कोर्टमार्शल व्हायचं. ते टळलं रॉबर्ट ग्रेव्हजमुळे. तोही कवी, त्याच रेजिमेंटचा. मित्राला तुरुंगापासून वाचवायचं म्हणून ग्रेव्हजनं मेडिकल बोर्डापुढे साक्ष दिली की ससूनच्या मनावर युद्धाचा परिणाम झाला आहे. सरकारलाही पदकविजेत्या अधिकाऱ्यावर खटला नकोच होता. ससूनला ‘शेल शॉक’चा रोगी ठरवून क्रेगलॉकहार्टला धाडण्यात आलं.

क्रेगलॉकहार्ट हे एडिनबरोच्या वेशीवरचं जुनं जलोपचाराचं हॉटेल. १९१६ मध्ये लष्करानं ते ताब्यात घेतलं आणि अधिकाऱ्यांसाठी मनोरुग्णालय केलं. हे फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. त्याच युद्धात पळून जाण्याच्या, भित्रेपणाच्या अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्यानं आपल्याच तीनशेहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक साधे शिपाई होते आणि कित्येक याच आजारानं पछाडलेले असावेत. त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. क्रेगलॉकहार्टमध्ये दिवसा टेनिस, गोल्फ, गप्पा चालत. रात्री खोल्याखोल्यांतून किंकाळ्या ऐकू येत. ससूनचे डॉक्टर होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. निलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ ते हेच. रुग्णाला भीती दाबायला लावण्यापेक्षा ती बोलून दाखवायला लावावी, अशी त्यांची रीत होती. ससूननं त्यांना आयुष्यभर वडिलांच्या जागी मानलं.

ओवेन तिथे महिनाभर आधी, जूनअखेर दाखल झाला होता. वय २४. बाप रेल्वेतला नोकरदार. पैशाअभावी विद्यापीठ हुकलेलं. फ्रान्समध्ये बोर्दो इथं इंग्रजीच्या शिकवण्या करून त्यानं पोट भरलेलं. जानेवारी १९१७ मध्ये तो मँचेस्टर रेजिमेंटबरोबर आघाडीवर पोचला आणि पहिल्या चार महिन्यांत त्यानं जे पाहिलं ते कुणाही माणसाला मोडायला पुरेसं होतं. शत्रूच्या माऱ्याखाली एका पाण्यानं भरलेल्या भुयारात पन्नास तास कोंडून राहणं, एका तळघरात कोसळून डोक्याला मार बसणं आणि शेवटी सावीच्या रानाजवळ तोफगोळ्यानं उडवलं जाणं. त्या स्फोटानंतर रेल्वेच्या बांधाआड तो काही दिवस पडून होता. जवळच त्याच्याच पलटणीतल्या एका अधिकाऱ्याचे अवशेष होते. तो परतला तेव्हा हात कापत होते, जीभ अडखळत होती. त्याचे डॉक्टर ब्रॉक यांचा भर रुग्णाला कामाला जुंपण्यावर. त्यांनी ओवेनला ‘द हायड्रा’ हे इस्पितळाचं मासिक संपादित करायला लावलं, गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला पाठवलं.

कविता तो लहानपणापासून लिहीत होता. कीट्सचा भक्त. युद्धावर मात्र म्हणावं असं अजून काही उतरलं नव्हतं.

ससूनचा ‘द ओल्ड हंट्समन’ हा संग्रह त्याच मे महिन्यात आला होता. तो लिहिणारा माणूस आपल्याच इमारतीत आहे हे कळल्यावरही ओवेननं दार ठोठावायला बरेच दिवस घेतले. ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी पुस्तकाच्या काही प्रती काखेत मारून तो ससूनच्या खोलीत शिरला. ससून जांभळा ड्रेसिंग गाऊन घालून आपल्या गोल्फच्या काठ्या पुसत बसला होता. या बुटक्याशा, लाजऱ्या, किंचित अडखळत बोलणाऱ्या मुलाला त्यानं प्रतींवर सह्या करून दिल्या आणि अर्धा तास आपल्या कवितांवर व्याख्यानही दिलं. आपण कविता करतो हे ओवेननं जाता जाता कसंबसं सांगितलं. ससूननं पुढे कबूल केलं की त्या दिवशी त्याला ओवेन साधाच, जरा गावाकडचा मुलगा वाटला होता, आणि त्याच्याशी आपण मोठेपणाच्या तोऱ्यात बोललो. वर्ग हा इंग्लंडात केवढा मोठा अडसर होता हे लक्षात घेतलं, तर ही कबुली त्यानं इतक्या उघडपणे दिली याचं मोल कळतं.

त्यानंतर ओवेन संध्याकाळी खर्डे घेऊन येऊ लागला. ससूनची शिकवण सोपी होती: जे डोळ्यांनी पाहिलंस ते लिही, शिपाई बोलतो तसं लिही, आणि जीव तोडून मेहनत घे. आठवडाभरात ओवेननं ससूनच्या धाटणीत एक कविता करून पाहिली. सप्टेंबरमध्ये ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ आली. तिच्या हस्तलिखितावर दोन हस्ताक्षरं आहेत. ओवेनचं शाईतलं आणि ससूनचं पेन्सिलीतलं. शीर्षक आज ज्या रूपात आहे तेही ससूनच्या सुचवणीतून आलेलं. ही कविता वाचल्यावर ससूनच्या ध्यानात आलं की समोर बसलेला मुलगा होतकरू वगैरे नाही, तो आपल्या तोडीचा आहे, कदाचित पुढचाही. ऑक्टोबरमध्ये ‘डल्से एट डेकोरम एस्ट’चा पहिला खर्डा झाला. विषारी वायूच्या हल्ल्यात गुदमरणाऱ्या शिपायाची ही कविता आजही वर्गात वाचताना मुलं गप्प होतात. ओवेन संपादक असल्यामुळे ससूनच्या कविताही ‘द हायड्रा’त आल्या. ससूनचं ‘काउंटर-अटॅक’ हे गाजलेलं पुस्तक बरंचसं याच खोल्यांत लिहिलं गेलं.

गुरू-शिष्य म्हणून ही जोडी पुष्कळ रंगवली गेली आहे. ते अपुरं वाटतं. दोघांनाही खंदक माहीत होता. त्याबद्दल घरच्यांशी बोलता येत नव्हतं आणि पेपरात येणाऱ्या शौर्यकथांची दोघांनाही शिसारी आली होती. अशा वेळी ज्याला काहीच समजावून सांगावं लागत नाही असा एक माणूस मिळणं, हे वृत्तांपेक्षा आणि यमकांपेक्षा मोठं होतं. ओवेनच्या बाजूनं यात प्रेमही होतं, आणि त्याच्या पत्रांत ते लपलेलं नाही. इस्पितळ सोडल्यावर दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात तो ससूनला एकाच दमात कीट्स, ख्रिस्त, आपला कर्नल आणि आपला पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू म्हणतो.

ओवेनला बोर्डानं ऑक्टोबरअखेर सोडलं. ३ नोव्हेंबर १९१७ च्या संध्याकाळी दोघं एडिनबरोच्या एका क्लबात जेवले. एका भयंकर कवितासंग्रहातल्या ओळी एकमेकांना वाचून दाखवत पोट धरून हसले. ससूनला ठरल्या वेळी इस्पितळात परतायचं होतं. निघताना त्यानं ओवेनच्या हातात एक बंद लिफाफा ठेवला. ओवेननं तो नंतर फोडला तेव्हा आत दहा पौंडांची नोट होती आणि लंडनमधल्या रॉबी रॉस यांचा पत्ता. रॉस म्हणजे ऑस्कर वाइल्डला अखेरपर्यंत साथ देणारा मित्र आणि लंडनच्या साहित्यवर्तुळाचं दार. आठवडाभरात ओवेन रॉसच्या टेबलावर एच. जी. वेल्स आणि अर्नोल्ड बेनेट यांच्या शेजारी जेवत होता.

महिन्याअखेर ससूननं परत लढायला जायचं ठरवलं. युद्धाबद्दलचं मत तसूभर बदललं नव्हतं. आपले शिपाई तिकडे मरत असताना आपण गोल्फ खेळतो आहोत, हे त्याला सोसेना. ते निवेदन ज्या माणसांसाठी केलं, त्यांनाच सोडून राहण्याचा अर्थ काय, या प्रश्नाला रिव्हर्सकडेही उत्तर नव्हतं. लष्करानं त्याला आधी पॅलेस्टाइनला आणि मग मे १९१८ मध्ये फ्रान्सला पाठवलं. १३ जुलैच्या पहाटे टेहळणीवरून परतताना त्याच्याच सार्जंटनं जर्मन समजून त्याच्यावर गोळी झाडली. ती डोक्याला चाटून गेली. तो वाचला, पण त्याचं युद्ध तिथे संपलं.

ओवेन तेव्हा इंग्लंडात होता. त्या वसंतात रिपन गावी एका कॉटेजची खोली भाड्यानं घेऊन त्यानं आपल्या उत्तम कवितांपैकी कित्येक लिहिल्या किंवा पुन्हा घडवल्या. लंडनमधले मित्र त्याला इथंच एखादी नेमणूक मिळवून देण्याची खटपट करत होते. ती फसली. ससून जखमी झाल्याचं कळलं तेव्हा ओवेनच्या मनाचा निश्चय झाला: ससूनचा आवाज आघाडीवर उरला नाही, आता आपण जायला हवं.

ऑगस्टच्या मध्यावर लंडनमध्ये दोघं शेवटचे भेटले. एका घरी हार्पसिकॉर्ड ऐकलं, चेल्सीच्या वनस्पतिबागेत ऊन खात बसले. ससूननं पूर्वीच बजावलं होतं की परत जायचा विचार केलास तर तुझ्या पायात सुरी खुपसेन. ओवेननं त्या दुपारी काही सांगितलं नाही. महिनाअखेरीस तो फ्रान्सला उतरला आणि मग पत्र लिहिलं.

त्या दिवसांतल्या ओवेनच्या पत्रात एक जागा अशी आहे जी वाचून पुढे जाता येत नाही. ससून त्याला कधीतरी म्हणाला होता की परत आघाडीवर जाणं तुझ्या कवितेला चांगलं ठरेल. ओवेन ते आठवण करून देतो आणि म्हणतो, इथे येऊन मूर्ख ठरल्यासारखं वाटतं तेव्हा तुझ्या या बोलण्याचाच आधार आहे. पायात सुरी खुपसायची धमकी देणारा ससून आणि हे बोललेला ससून एकच. दोन्ही वाक्यं खरी असावीत. स्वतः परत गेलेल्या माणसानं दुसऱ्याला कोणत्या तोंडानं थांबवायचं? आणि थांबवलं नाही, तर पुढे स्वतःला काय सांगायचं? ते पत्र ससूनजवळ राहिलं. लिहिणारा राहिला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत जाँकूर गावाजवळ ओवेनच्या कंपनीनं जर्मनांची तटबंदी फोडली. कंपनी कमांडर पडल्यावर ओवेननं सूत्रं हाती घेतली, शत्रूची मशीनगन ताब्यात घेतली. त्यालाही मिलिटरी क्रॉस मिळाला. त्याच लढाईत त्याचा ऑर्डर्ली डोक्याला गोळी लागून त्याच्या अंगावर पडला आणि अर्धा तास त्याचं रक्त ओवेनच्या खांद्यावर वाहत राहिलं. हे त्यानं आईला असं लिहिलं नाही, ससूनला लिहिलं. आईला त्यानं लिहिलं ते एवढंच की मी या पोरांना मदत करायला आलो, एक त्यांचं नेतृत्व करून, दुसरी त्यांचं दुःख पाहून, म्हणजे एखाद्या वकिलासारखं ते मांडता येईल.

४ नोव्हेंबरच्या पहाटे ऑर्स गावाजवळ सांब्र–वाझ कालवा ओलांडायचा हुकूम होता. पलीकडच्या काठावर जर्मन मशीनगनी. इंजिनिअर तराफ्यांचा पूल टाकत होते आणि पटापट पडत होते. त्या एका सकाळी त्या कालव्यावर लँकेशायर फ्युझिलिअर्सचा कमांडर लेफ्टनंट कर्नल मार्शल आणि मँचेस्टर्सचा तरुण अधिकारी जेम्स कर्क हे दोघं मारले गेले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ओवेन काठावर आपल्या माणसांच्या पाठीवर थाप मारत, फळ्या ओढायला हात लावत फिरत होता. तिथेच त्याला गोळी लागली. तो २५ वर्षांचा होता. युद्ध संपायला सात दिवस उरले होते. श्रूझबरीला त्याच्या आईवडिलांना तार मिळाली ती ११ नोव्हेंबरला दुपारी, शस्त्रसंधीच्या घंटा गावात वाजत असताना.

तोपर्यंत त्याच्या फक्त पाच कविता छापून आल्या होत्या. त्यातल्या दोन इस्पितळाच्या मासिकात.

ससूनला ही बातमी लगेच कळली नाही. शस्त्रसंधीच्या संध्याकाळी लंडनच्या रस्त्यांवरचा जल्लोष पाहून तो उद्विग्न होऊन परतला होता. ओवेन गेल्याचं त्याला कित्येक महिन्यांनी समजलं. त्यानं त्यावर शोककविता लिहून मोकळं होणं पत्करलं नाही. त्यानं काम हाती घेतलं. कविता कागदाच्या चिटोऱ्यांवर होत्या, एकेकीचे तीन-चार खर्डे, कुठला शेवटचा ते ठरलेलं नाही. कवयित्री ईडिथ सिटवेलनं संपादनाला सुरुवात केली होती. ते ससूननं पुढे नेलं आणि डिसेंबर १९२० मध्ये ओवेनच्या २३ कवितांचं पुस्तक बाहेर आलं. प्रस्तावना ससूनची, अगदी छोटी. मित्राच्या खासगी आयुष्याबद्दल त्यानं तीत काहीच सांगितलं नाही. हवं ते कवितांत आहे, अशी त्याची भूमिका.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ टागोर लंडनमध्ये होते. त्यांना श्रूझबरीहून एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. त्या सुझन ओवेन. दोन वर्षांपूर्वी मुलगा शेवटचा निरोप घेताना दोघं समुद्राकडे, फ्रान्सच्या दिशेनं पाहत उभे होते, आणि तो टागोरांच्या ‘गीतांजली’तल्या निरोपाच्या ओळी म्हणाला, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याची खिशातली वही घरी परत आली तेव्हा त्याच ओळी त्याच्या हस्ताक्षरात होत्या, खाली टागोरांचं नाव. त्या कोणत्या पुस्तकात मिळतील, एवढंच आईला विचारायचं होतं.

इथे थोडं आपल्याकडेही पाहावंसं वाटतं. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं परदेशी गेली. सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत इथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिनं शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे कैदेत हजारो मेले. तिथेही कुणी कुणाला पाठीवर घेऊन चाललं असेल, कुणाचा घास कुणी राखला असेल. कोकणात आणि देशावर कित्येक गावांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. पाटीवर आकडा असतो, नाव नसतं. ओवेनमागे लेखणी चालवणारा, छापखाना ओळखणारा, पैसा आणि प्रतिष्ठा असलेला मित्र होता. हे त्याचं भाग्य म्हणायचं, आणि बाकीच्यांचं काय झालं ते त्या भाग्याच्या उजेडात जास्तच स्पष्ट दिसतं.

ससूनचं पुढचं आयुष्य युद्धाकडे पाठ करून गेलं नाही. १९२८ ते १९३६ या काळात त्यानं जॉर्ज शर्स्टन या काल्पनिक नावाखाली आपलीच कहाणी तीन पुस्तकांत सांगितली. ती अतोनात गाजली. तिसऱ्या पुस्तकात क्रेगलॉकहार्ट आहे, वेगळ्या नावानं. रिव्हर्स तर खऱ्या नावानं आहेत. किंकाळ्या आहेत, गोल्फ आहे. ओवेन नाही. शर्स्टन कवी नसल्यामुळे ओवेनला तिथे जागा नव्हती, असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे. पण ज्याच्याशिवाय ते अकरा आठवडे आठवता येत नाहीत, त्याला वगळून ते लिहायचं म्हणजे लिहिणाऱ्यानं दर पानावर थांबून एक दार बंद करायला हवं. ते दार उघडायला त्याला आणखी नऊ वर्षं लागली.

१९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपता संपता, ‘सीगफ्रीड्स जर्नी’ आलं. ससून आता साठीला टेकलेला, विल्टशरमधल्या हेट्सबरीच्या मोठ्या घरात राहणारा. लग्न झालेलं आणि मोडलेलं, एक मुलगा. या पुस्तकात त्यानं स्वतःच्या नावानं ओवेनबद्दल लिहिलं. पहिल्या भेटीतला आपला तोरा, ओवेनचा मऊ आवाज, चेल्सीतली ती शेवटची उन्हाची दुपार. ओवेनचं जाणं आपल्याला कधीही शांतपणे स्वीकारता आलं नाही, असं सत्तावीस वर्षांनी त्यानं सांगितलं. ओवेनच्या कवितेत आपला हात किती, हेही त्यानं तिथे तोलून पाहिलं आणि फार थोडा धरला. ओवेनचं यमकांचं तंत्र सर्वस्वी त्याचं होतं: व्यंजनं तीच ठेवून स्वर बदलायचा, आपल्याकडे ‘वाट’ला ‘वीट’ जुळवावी तसा. कानाला जुळल्यासारखं वाटतं आणि न जुळल्याची ठेच लागते, आणि युद्धावरच्या कवितेला नेमकं तेच हवं होतं. हे मी शिकवलं नाही, हे ससून ठासून सांगतो. आपण फार तर त्याला पाहिलेलं लिहायचा धीर दिला, एवढंच तो स्वतःकडे घेतो.

तोवर ओवेनचं नाव ससूनच्या पुढे निघू लागलं होतं. १९३१ मध्ये एडमंड ब्लंडन या तिसऱ्या सैनिक-कवीनं जास्त कवितांची आवृत्ती काढली. ३० मे १९६२ रोजी, बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या आणि नव्यानं उभारलेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथिड्रलमध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटननं ‘वॉर रिक्विअम’ सादर केलं. चर्चच्या लॅटिन प्रार्थनेत त्यानं ओवेनच्या नऊ कविता गुंफल्या होत्या. ससून तेव्हा ७५ वर्षांचा होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १ सप्टेंबर १९६७ रोजी, ८१ वा वाढदिवस आठवड्यावर असताना तो हेट्सबरीला वारला.

ओवेनचे खर्डे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अभ्यासकांनी ते ओळीओळीनं तपासले आहेत, आणि ससूननं १९४५ मध्ये स्वतःच्या मदतीचा केलेला हिशेब त्यांना फार कमी वाटतो. ‘अँथम’च्या कागदावर त्याची पेन्सिल शीर्षकापाशी आहे, पहिल्या ओळींपाशी आहे, आणि तिथून खालीही उतरते.